व्हॉयेजर २ चा अँटेना दोन अंश वळला तेव्हा: एक प्रकरण अभ्यास

जुलै २०२३ मध्ये नासाच्या व्हॉयेजर २ या अंतराळयानाकडून येणारी माहिती बंद झाली आणि ४ ऑगस्टला ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात यानावरचा ट्रान्समीटर चालू होता, उपकरणे मोजमाप करत होती, माहिती अवकाशात सोडली जात होती. चुकली होती ती फक्त दिशा, तीही दोन अंशांनी. हे प्रकरण थोड्या तपशिलात पाहण्यासारखे आहे. त्यात जमिनीवरच्या अँटेना केंद्राचे काम नेमके कशावर चालते ते दिसते, आणि कमी माहितीवर निर्णय कसे घेतले जातात तेही दिसते. घटनाक्रम नासाने जाहीर केला तसा घेतला आहे. डेसिबलचे (शक्तीचे गुणोत्तर मोजण्याच्या एककाचे, १० डेसिबल म्हणजे दहा पट) हिशोब अँटेनाच्या प्रसिद्ध मापांवरून केलेले, ढोबळ आहेत. कोणत्या व्यक्तीने काय केले हा इथला विषय नाही, त्यामुळे नावे आणि पदे गाळली आहेत.

पार्श्वभूमी

व्हॉयेजर २ चे उड्डाण २० ऑगस्ट १९७७ रोजी झाले. ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यून आणि त्याचा उपग्रह ट्रायटन यांच्या जवळून जाताना यानाचा मार्ग ग्रहांच्या प्रतलाखाली, दक्षिणेकडे वाकला. तेव्हापासून ते आकाशात दक्षिणेकडेच सरकत आहे. सध्या त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, सुमारे उणे ५९ अंश (दक्षिणेकडे) आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की डीप स्पेस नेटवर्कच्या, म्हणजे दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या अँटेना-जाळ्याच्या, तीन केंद्रांपैकी कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन आणि स्पेनमधील माद्रिद इथून ते कधीच क्षितिजावर येत नाही. उरते ते ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा केंद्र. तिथून ते मावळत नाही. दिवसातून एकदा ते ६६ अंशांच्या आसपास उंच चढते आणि एकदा चार-पाच अंशांपर्यंत खाली उतरते.

कॅनबेरा केंद्रात एक ७० मीटरची आणि तीन ३४ मीटरच्या डिश आहेत. ७० मीटरची डिश म्हणजे डीएसएस-४३. मुळात ती ६४ मीटरची होती. नेपच्यूनच्या भेटीआधी, १९८७ मध्ये, ती ७० मीटरपर्यंत वाढवली. व्हॉयेजर २ चे बोलणे चारही डिश ऐकू शकतात, पण त्याला कमांड पाठवण्यासाठी लागणारी वारंवारता आणि शक्ती दोन्ही फक्त डीएसएस-४३ कडे आहेत. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२१ असे अकरा महिने ही डिश नूतनीकरणासाठी बंद होती. त्या काळात ३४ मीटरच्या डिश यानाची माहिती घेत राहिल्या, पण एक चाचणी सोडली तर यानाला काही सांगणे शक्य नव्हते. नूतनीकरणात दोन नवे ट्रान्समीटर बसवले गेले. त्यांतला एक व्हॉयेजर २ शी बोलणाऱ्या, ४७ वर्षांत न बदललेल्या ट्रान्समीटरच्या जागी आला. २९ ऑक्टोबर २०२० रोजी या नव्या ट्रान्समीटरवरून चाचणीच्या कमांड गेल्या आणि यानाने त्या पाळल्या. ही दुरुस्ती पुढे ढकलली गेली असती तर २०२३ चा निर्णय वेगळा झाला असता, म्हणून ती इथे नोंदवली.

यानाच्या बाजूला ३.७ मीटर व्यासाची एक डिश आहे. तीच दोन्ही कामे करते. जमिनीवरून येणारी कमांड ती एस-बँडमध्ये घेते, सुमारे २.१ गिगाहर्ट्झवर, म्हणजे १४ सेंटिमीटर तरंगलांबीवर. माहिती पाठवते ती एक्स-बँडमध्ये, ८.४ गिगाहर्ट्झवर, साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. हा चौपटीचा फरक लक्षात ठेवावा. पुढचे जवळजवळ सगळे त्यावर उभे आहे.

यानाचा कमांड रिसीव्हरही अधू आहे. एप्रिल १९७८ मध्ये मुख्य रिसीव्हर बंद पडला आणि राखीव रिसीव्हरमधला वारंवारतेचा माग ठेवणारा भाग निकामी झाल्याचे कळले. धडधाकट रिसीव्हर आलेल्या लहरीला पकडून तिच्या मागे मागे सरकतो. हा जागचा हलत नाही. सुमारे १०० हर्ट्झच्या अरुंद फटीतून जे येईल तेवढेच तो ऐकतो, आणि ही फट तापमानाप्रमाणे इकडेतिकडे सरकते. त्यामुळे ४५ वर्षे जमिनीवरचे केंद्र उलटे काम करते: यानाच्या जागी पोहोचताना लहर नेमक्या त्या फटीत बसेल अशा बेताने प्रक्षेपणाची वारंवारता क्षणोक्षणी बदलत राहते. कॅनबेराच्या अक्षांशावर, या दिशेसाठी, केवळ पृथ्वीच्या परिवलनामुळे येणारा डॉप्लर बदल (गतीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) सेकंदाला ०.१ हर्ट्झपर्यंत जातो. तो भरून काढला नाही तर पंधरा-सोळा मिनिटांत लहर फटीबाहेर पडते.

अडचण

२१ जुलै २०२३ रोजी यानाला आधीच ठरलेल्या कमांडची एक मालिका पाठवली गेली. तिच्यामुळे, नकळत, यानाचा अँटेना पृथ्वीपासून दोन अंश बाजूला वळला. यान तेव्हा १,९९० कोटी किलोमीटरवर होते, म्हणजे प्रकाशाला एका बाजूने साडेअठरा तास. कमांड पोहोचायला साडेअठरा तास, आणि माहिती थांबल्याचे इथे कळायला आणखी साडेअठरा. चूक कळेपर्यंत ती होऊन बराच वेळ उलटलेला असतो, आणि कळते तेव्हा ती सांगणारा दुवाच तुटलेला असतो.

मुळात अँटेनाची दिशा बदलायची गरज का पडते, हा रास्त प्रश्न आहे. यान सूर्याकडे पाहणारा संवेदक आणि एक ठरलेला तारा यांच्या आधाराने स्वतःला स्थिर ठेवते. त्याला पृथ्वी दिसत नाही, सूर्य दिसतो. सूर्यापासून पृथ्वी किती बाजूला आहे ते त्याला आकड्यांत सांगावे लागते. इतक्या दूरून पृथ्वीची कक्षा जेमतेम दिसते, सूर्याच्या दोन्ही बाजूंना ०.४३ अंश. पण एक्स-बँडचा बीम त्याहून अरुंद आहे. ३.७ मीटरच्या डिशमधून त्याची रुंदी अर्ध्या शक्तीच्या कडांमध्ये ०.६ अंशाच्या आसपास येते. १,९९० कोटी किलोमीटरवर ०.६ अंश म्हणजे सुमारे २१ कोटी किलोमीटर रुंदीचा पट्टा, आणि पृथ्वीच्या कक्षेचा व्यास आहे ३० कोटी. बीम एका जागी धरून वर्ष निघत नाही. म्हणून दिशा सुधारण्याचे काम वर्षातून अनेकदा होते आणि म्हणूनच ते नेहमीचे वाटू लागते.

दोन अंश या हिशोबात फार मोठे आहेत. बीमचा मध्य पृथ्वीपासून ६९ ते ७० कोटी किलोमीटर बाजूने चालला होता.

नेमके किती गमावले

हा भाग सावकाश पाहावा, कारण दोन अंशांनी दोन्ही दिशांचा दुवा सारखाच तुटला असे पहिल्यांदा वाटते. तसे नव्हते.

डिश तीच, कोन तोच, पण बीमची रुंदी तरंगलांबीच्या प्रमाणात असते. एस-बँडमध्ये ती सव्वादोन ते पावणेतीन अंश भरते. नेमका आकडा फीडने (डिशसमोरच्या, लहरी सोडणाऱ्या-घेणाऱ्या भागाने) डिशच्या कडेपर्यंत किती प्रमाणात किरण टाकले यावर ठरतो. मध्यापासून दोन अंशांवर पृथ्वी या बीमच्या अर्ध्या शक्तीच्या कडेबाहेर होती, पण मुख्य लोबच्या, म्हणजे बीमच्या मधल्या जोरकस भागाच्या, आतच होती. तिथली घट ७ ते ११ डेसिबल येते, म्हणजे पाच ते बारा पट. फार आहे, पण मोजता येण्यासारखी आहे.

एक्स-बँडमध्ये तोच कोन मुख्य लोबच्या पूर्ण बाहेर जातो. पहिला शून्यबिंदू, म्हणजे सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो तो कोन, मध्यापासून ०.७ ते ०.८ अंशावर असतो. दोन अंशांवर आपण तिसऱ्या-चौथ्या साइडलोबच्या, म्हणजे मुख्य लोबच्या बाजूच्या क्षीण उंचवट्यांच्या, आसपास येतो. इथे एक चूक सर्रास होते: दिशेच्या चुकीने होणारी घट काढताना १२ गुणिले कोन भागिले रुंदी यांचा वर्ग हे हाताशी असलेले सूत्र लावतात. मुख्य लोबच्या आत ते ठीक चालते. इथे लावले तर १३० डेसिबलच्या वर आकडा येतो आणि माणूस हात टेकतो. प्रत्यक्षात साइडलोबमध्ये अशा डिशची घट साधारण २५ ते ३५ डेसिबल असते. १३० आणि ३० यांत ‘आशा सोडा’ आणि ‘ऐकून तर पाहू’ एवढा फरक आहे.

शिवाय साइडलोबचा आराखडा दातेरी असतो. कोनात दशांश अंशाचा फरक पडला तरी आपण साइडलोबच्या माथ्यावरून दोन साइडलोबांमधल्या खळग्यात जाऊ शकतो. एस-बँडच्या उतारावर मात्र दशांश अंशाला साधारण एक डेसिबल, एवढाच हिशोब. थोडक्यात, यान ऐकू शकेल की नाही याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येत होता, आणि आपल्याला ऐकू येईल की नाही याचा बांधता येत नव्हता.

पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता. व्हॉयेजर २ ला वर्षातून अनेकदा आपली दिशा आपणहून पुन्हा बसवण्याची सूचना आधीच दिलेली आहे. पुढची तारीख होती १५ ऑक्टोबर २०२३. तोवर थांबले असते तर २१ जुलैपासून ८६ दिवस गेले असते. यान आपली माहिती सेकंदाला १६० बिटच्या वेगाने जशी मोजली तशी पाठवते. ती त्या क्षणी ऐकली नाही तर गेली. मोजमाप करणारी दोनच याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहेत आणि त्यांतल्या एकाचे तीन महिने वाया, ही एक किंमत. दुसरी कमी बोलली जाते: या काळात यानावर खरोखर काही बिघडले तर ते कळणार नाही, आणि ऑक्टोबरमध्ये संपर्क आला नाही तर कारण दिशा होती की आणखी काही, हे सांगता येणार नाही.

दुसरा पर्याय म्हणजे आधी नुसते ऐकणे. यात यानाला काहीच पाठवायचे नाही, म्हणून धोका शून्य. खर्च फक्त अँटेनाच्या वेळेचा. तो वेळ इतर मोहिमांकडून घ्यावा लागतो, म्हणून फुकट नाही, पण इथे तो वाद होण्याएवढा मोठा नव्हता.

तिसरा पर्याय म्हणजे ओरडून पाहणे. म्हणजे यानाचे तोंड वळलेले असतानाच डीएसएस-४३ वरून मोठ्या शक्तीने दिशा सुधारण्याची कमांड पाठवायची. यासाठी १०० किलोवॅटचा एस-बँड ट्रान्समीटर होता. नेटवर्कवर सर्वत्र असलेल्या २० किलोवॅट वर्गाच्या ट्रान्समीटरशी तुलना केली तर यातून ७ डेसिबल मिळतात. घट ७ ते ११, मिळकत ७. म्हणजे चांगल्या बाजूने हिशोब जुळतो, वाईट बाजूने तीन-चार डेसिबल दुव्याच्या शिल्लक फरकातून (गरजेपेक्षा जास्त असलेल्या सिग्नलमधून) काढावे लागतात. कमांडचा वेग सेकंदाला जेमतेम १६ बिट असतो, त्यामुळे असा फरक असण्याची शक्यता चांगली. पण खात्री नाही. नासानेही तेव्हा उघडपणे सांगितले होते की हा प्रयत्न फसू शकतो आणि फसला तर ऑक्टोबरची वाट पाहिली जाईल.

एक चौथा मार्ग सुचतो, तो म्हणजे यानाला एस-बँडमध्ये बोलायला लावणे, कारण त्याचा बीम रुंद आहे. तसा ट्रान्समीटर यानावर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॉयेजर १ ने १९८१ पासून न वापरलेला आपला एस-बँड ट्रान्समीटर आपणहून सुरू केला होता आणि जमिनीवरून तो क्षीण सिग्नल सापडलाही. पण इथे त्यासाठी आधी कमांड पोहोचवावी लागणार. आणि कमांड पोहोचणार असेल तर ती सरळ दिशेचीच पाठवावी.

काय केले: आधी ऐकले

क्रम बरोबर निवडला गेला. आधी कान, मग आवाज.

ऐकण्यात एक मोठी सवलत होती. माहिती वाचायची नव्हती, यान आहे की नाही एवढेच पाहायचे होते. सेकंदाला १६० बिट वाचायला जी शक्ती लागते तिच्या तुलनेत एकटी वाहक लहर (जिच्यावर माहिती चढवली जाते ती मूळ लहर) १ हर्ट्झच्या फटीत शोधली तर त्या फटीत शिरणारा गोंगाट २२ डेसिबलने कमी होतो. फट ०.१ हर्ट्झची केली तर ३२ डेसिबलने. साइडलोबमुळे गेलेले २५ ते ३५ डेसिबल असे जवळपास भरून निघतात, पण माहितीच्या बदल्यात. लहर दिसते, तिच्यावरचे अक्षर वाचता येत नाही.

फट अरुंद करण्यालाही मर्यादा आहे. ८.४ गिगाहर्ट्झवर पृथ्वीच्या परिवलनाने वारंवारता सेकंदाला ०.४ हर्ट्झपर्यंत सरकते आणि पृथ्वीच्या भ्रमणाने त्यात भर पडते. हे सरकणे मार्गाच्या अचूक गणितातून आधी वजा केले नाही तर लहर अनेक फटींत पसरते आणि कोणत्याच फटीत गोंगाटाच्या वर येत नाही. इथे उपयोगी पडली ती यानाच्या मार्गाची जुनी, पक्की माहिती. यान कुठे आहे याबद्दल शंका नव्हती, ते कुठे पाहते आहे एवढीच होती. शोधाची जागा त्यामुळे फार लहान राहिली. नाहीतर वारंवारतेचा मोठा पट्टा चाळावा लागतो आणि खोटे सिग्नल सापडू लागतात.

नेटवर्कने या कामासाठी एकाहून अधिक अँटेना लावले. अँटेना जोडण्याचा फायदा क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळतो. कॅनबेराची ७० मीटरची आणि ३४ मीटरच्या तिन्ही डिश एकत्र धरल्या तर एकट्या ७० मीटरच्या तुलनेत क्षेत्रफळ १.७ पट होते, म्हणजे सव्वादोन डेसिबल. ऐकायला थोडे वाटते. कडेवर उभे असताना तेवढ्यानेच काम होते.

१ ऑगस्टला नासाने जाहीर केले की यानाची वाहक लहर मिळाली आहे. माहिती काढता येणार नाही इतकी क्षीण, पण यान चालू असल्याचे आणि अपेक्षित मार्गावर असल्याचे सांगायला पुरेशी. बातम्यांत तिला ‘हृदयाचा ठोका’ म्हटले गेले.

या ठोक्याने निर्णयात काय बदलले हे पाहण्यासारखे आहे. यानाला वीज आहे, ट्रान्समीटर चालू आहे, म्हणजे संपर्क तुटण्याचे कारण दिशा हेच आहे, याबद्दलची शंका मिटली. दुसरे, एखादे यान गिरक्या घेत असते तर सिग्नल चढत-उतरत राहिला असता. लहर स्थिर असेल तर यान स्थिर आहे, फक्त वाकडे पाहते आहे असे मानता येते. आणि यान स्थिर असेल तर ओरडण्याला अर्थ आहे. ठोका मिळण्याआधी कमांड पाठवली असती तर ती दगड मारून पाहण्यासारखी ठरली असती.

मग ओरडले

मोठ्या शक्तीचे प्रक्षेपण म्हणजे एक बटण दाबणे नव्हे. क्लायस्ट्रॉनला (लहरीची शक्ती वाढवणाऱ्या नळीला) पाण्याने थंड ठेवावे लागते आणि शक्ती टप्प्याटप्प्याने चढवावी लागते. फीडमध्ये ओल असेल तर १०० किलोवॅटला ठिणगी पडून संरक्षक यंत्रणा ट्रान्समीटर बंद करते आणि पास, म्हणजे यानाच्या मागोव्याचे ठरलेले सत्र, फुकट जातो. अँटेना किती उंच रोखला आहे यावर मधल्या हवेची जाडी ठरते आणि डिशच्या स्वतःच्या वजनाने होणारी विकृतीही. ७० मीटरची डिश मधल्या उंचीला सर्वांत नीट आकारात असते, क्षितिजाजवळ आणि डोक्यावर ती थोडी ढळते. एस-बँडमध्ये हे नुकसान लहान असते, पण इथे एकेक डेसिबल मोजायचा होता.

म्हणून वेळ निवडली गेली. कॅनबेराचा सर्वांत जास्त शक्तीचा ट्रान्समीटर, १०० किलोवॅट, एस-बँड, आणि ट्रॅकिंग पासमधली सर्वांत अनुकूल परिस्थितीची वेळ, असे मोहिमेकडून सांगितले गेले. माहिती परत आली त्या क्षणापासून ३७ तास मागे मोजले तर जागतिक वेळेप्रमाणे २ ऑगस्टच्या दुपारी साडेतीनच्या सुमारास प्रक्षेपण झाले असावे. कॅनबेरात तेव्हा ३ तारखेची रात्र, दीड वाजलेला. यान त्या सुमारास आपल्या दैनंदिन माथ्यापासून दोन-सव्वादोन तासच पुढे गेलेले असते, म्हणजे अजून चांगले उंच.

वारंवारतेची अट वेगळी होतीच. शक्ती कितीही वाढवली तरी लहर त्या १०० हर्ट्झच्या फटीत बसली नाही तर यान बहिरेच. शक्तीने वारंवारतेची चूक भरून निघत नाही. अशा यानाशी बोलताना फट कुठे आहे याबद्दल शंका असेल तर तीच कमांड थोड्या थोड्या फरकाच्या वारंवारतांवर पुन्हा पुन्हा पाठवण्याची रीत आहे. दोन अंश वळल्याने सूर्याचे ऊन यानावर फारसे वेगळे पडत नाही, त्यामुळे रिसीव्हरचे तापमान फार हलले असण्याचे कारण नव्हते. ही इथली जमेची बाजू.

आणखी एक गोष्ट: ही कमांड पोचपावतीशिवायची होती. यान वळले तरच उत्तर येणार. ३७ तासांनी शांतता असती तर कमांड पोहोचली नाही, पोहोचली पण यानाने नाकारली, की पाळली पण अपुरी, यांतले काय झाले ते कळले नसते. अशा वेळी पुढच्या प्रयत्नात एकच गोष्ट बदलायची असते, शक्ती किंवा वारंवारता. दोन्ही एकदम बदलल्या तर शिकायला काही मिळत नाही, आणि प्रत्येक धडा दीड दिवसाचा.

निकाल

४ ऑगस्टला जागतिक वेळेनुसार ०४:२९ वाजता यानाकडून पुन्हा विज्ञानाची आणि स्थितीची माहिती येऊ लागली. यान व्यवस्थित चालत होते आणि अपेक्षित मार्गावर होते. ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले नाही, सुमारे दहा आठवडे वाचले. दोन आठवड्यांच्या आसपासची माहिती गेली ती गेलीच.

वेगळे काय करता आले असते

पहिला धडा कमांड पाठवण्याआधीचा. दिशेला हात लावणारी कोणतीही मालिका जमिनीवर चालवून पाहिली तर तिच्या शेवटी अँटेनाचा मध्य आणि पृथ्वी यांच्यातला कोन किती राहतो हा एकच आकडा काढता येतो. तो एक्स-बँडच्या अर्ध्या रुंदीच्या, म्हणजे ०.३ अंशाच्या वर गेला तर मालिका थांबवायची. अशी तपासणी बहुतेक मोहिमांत कुठेतरी असते. ती कमांडच्या शुद्धतेच्या तपासणीत विरघळली की निरुपयोगी होते, कारण प्रत्येक कमांड शुद्ध असूनही परिणाम चुकीचा असू शकतो. आकडा वेगळा काढावा, वेगळ्या माणसाने, मालिका तयार करणाऱ्याचे गणित न वापरता.

दुसरी गोष्ट मालिकेच्या बांधणीची. दिशेची कमांड इतर कमांडच्या मध्ये असली की ती चुकल्याचे कळेपर्यंत बाकीच्याही चालून गेलेल्या असतात. ती वेगळी पाठवावी, आणि तिच्याबरोबरच उलटी कमांड वेळ लावून ठेवावी: अमुक दिवसांत जमिनीकडून ‘ठीक आहे’ आले नाही तर जुनी दिशा परत घे. १५ ऑक्टोबरचे स्वयंचलित पुनर्स्थापन हेच काम करत होते, फक्त फार दूरच्या तारखेला. त्याच्या असण्यामुळेच ओरडण्याचा निर्णय हलका झाला, कारण फसले तरी काही बिघडणार नव्हते. ते एरवी ८६ दिवसांनी ठेवणे परवडते, पण दिशा बदलणाऱ्या मालिकेनंतर ते पाच-सात दिवसांवर आणावे. याला विरोध होऊ शकतो, आणि तो पोकळ नाही. यानावरची स्मृती फार लहान आहे, आणि उलटी कमांड स्वतः चुकीची असली तर ती एक नवीन अडचण. पण ती कमांड नेहमी एकच असते, एकदा नीट तपासली की दरवेळी तीच वापरता येते.

तिसरे, हिशोबाची तयारी. दोन अंशांवर किती घट, एका अंशावर किती, तीनवर किती, साइडलोबसह, हा तक्ता आधीच हाती असावा. त्याच्या शेजारी कोणत्या शक्तीने कोणत्या कोनापर्यंत ओरडता येते तेही. एस-बँडचा पहिला शून्यबिंदू मध्यापासून पावणेतीन ते सव्वातीन अंशांच्या टप्प्यात येतो. चूक दोनऐवजी तीन अंशांची असती तर १०० किलोवॅटनेही भागले नसते, आणि तो प्रयत्न करायचा की नाही हे तक्त्यावरून एका नजरेत कळले असते.

उरलेली गोष्ट यानाची नाही, केंद्राची आहे. व्हॉयेजर २ शी बोलणारा पृथ्वीवर एकच अँटेना आहे आणि त्यालाही देखभाल लागते. मे २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या काळात डीएसएस-४३ पुन्हा नूतनीकरणासाठी बंद ठेवण्याचे ठरले, मध्ये ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये थोडे थोडे दिवस चालू. अशा काळात अँटेना दोन अंश वळला तर ३४ मीटरच्या डिश एकत्र करून वाहक लहर कदाचित सापडेल, पण ओरडायला कोणी नसेल. म्हणून बंदच्या आधी दिशेच्या सगळ्या सुधारणा पूर्ण कराव्यात, त्यांचे उत्तर मिळाल्याची खात्री करावी, आणि बंद सुरू होण्याआधीच्या ३७ तासांत दिशेची एकही नवी कमांड पाठवू नये.